तंबू गाडीत टाकण्याआधी जमिनीच्या कार्यालयात जा

अमेरिकेच्या पश्चिमेकडे भटकायला निघणाऱ्या मराठी मंडळींना माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी सरकारी जमीन सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या किंवा फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्थानिक कार्यालयात जाऊन या. एकट्या ब्युरोकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, पण ती सलग नाही. १८६२ पासून रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतचे एकाआड एक चौरस मैल दिले गेले. त्यामुळे नेवाडा, वायोमिंगच्या काही भागांत सरकारी आणि खासगी जमीन आजही बुद्धिबळाच्या पटासारखी पसरली आहे. कुंपण नाही म्हणजे जागा सर्वांची, हा समज तिथे चालत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं मोबाइलवर दिसतं. हद्दी दिसतात, हे खरं. पण शेकोटीवर नुकतीच आलेली बंदी किंवा पावसाने खचलेला कच्चा रस्ता यांची ताजी खबर खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याकडे असते. उद्यानांचा आणि सरकारी जमिनींचा वार्षिक पास घेतानाही नीट विचारा. तो प्रवेशशुल्काला चालतो, कॅम्पिंगच्या शुल्काला नाही. मोकळ्या जागेतल्या मुक्कामाला बहुतेक ठिकाणी १४ दिवसांची मर्यादा असते. ब्युरोच्या बऱ्याच जमिनींवर अश्मीभूत लाकूड स्वतःपुरतं, दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा इतकं उचलता येतं. राष्ट्रीय उद्यानात मात्र खडासुद्धा उचलायचा नाही. शनिवार-रविवारी बरीच कार्यालयं बंद असतात, ही अडचण खरीच आहे. त्यासाठी शुक्रवारी फोन करा. प्रश्न नेमका विचारलात, तर उत्तरही नेमकं मिळतं.