फेरारातला टांक्रेदी आणि बडोद्यातली सिंधू

गंभीर कथानकाच्या संगीत नाटकात लाडक्या गायकाने अखेरीस मरावे की नाही, हा प्रश्न वरवर रसशास्त्राचा भासला, तरी त्याचा निवाडा तिकीट काढून बसलेला प्रेक्षकच करतो. आणि तो इटलीत एक व महाराष्ट्रात अगदी दुसराच लागला.

जोआकिनो रॉसिनीचा ‘टांक्रेदी’ हा ऑपेरा व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात ६ फेब्रुवारी १८१३ रोजी रंगभूमीवर आला, तेव्हा संगीतकाराला एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. व्होल्तेरच्या शोकनाटकावरून गायतानो रॉसीने रचलेल्या संहितेत सिराक्यूजची सरदारकन्या आमेनाइदे हद्दपार प्रियकराला पत्र पाठवते. त्यावर नाव नसल्याने ते शत्रुपक्षाच्या सोलामीरलाच लिहिले असा सर्वांचा ग्रह होतो, तिच्यावर राजद्रोहाचे बालंट येते, आणि ज्याच्यासाठी तिने हे धाडस केले तो टांक्रेदीही तिला दोषी मानूनच तिच्या वतीने द्वंद्वाला उभा राहतो. शाकुंतलात जे हरवलेल्या अंगठीने केले, ते येथे बिननावाच्या पत्राने केले आहे.

नायकाची भूमिका आदेलाइदे मालानोत्ते या स्त्रीने गायिली होती. गंभीर ऑपेरातील वीरनायक उंच आवाजात गाणार, हा इटलीचा जुना दंडक; त्यासाठी बालपणीच खच्ची केलेल्या गायकांची ती क्रूर परंपरा क्षीण होत गेली, तसा तो मान खर्जातल्या स्त्रीकंठाकडे आला. भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व यांना स्त्रीवेषात पाहून ज्यांचे आजे-पणजे भारावले, त्या वाचकांना यात नवल वाटू नये. आमच्याकडे फक्त पारडे उलटे होते.

खरी गोष्ट पुढेच आहे. व्हेनिसमध्ये गैरसमज फिटून प्रेमिकांचे मीलन झाले, कारण संस्कृत नाटकाप्रमाणे इटालियन ऑपेरालाही मंगलान्ताचा संकेत होता. परंतु महिना-दीड महिन्यातच फेरारा शहरी रॉसिनीने लुईजी लेकीच्या नव्या शब्दांवर शेवट बदलला: जखमी टांक्रेदी सत्य कळल्यावर प्राण सोडतो, आणि त्या वेळी झळकणाऱ्या ताना नाहीत, समूहगान नाही, केवळ तुटक, विरळ स्वर आहेत. प्रेक्षकांनी ते नाकारले, जुना शेवट परत आला, आणि ही स्वरलिपी लेकी घराण्याच्या दप्तरात सुमारे दीड शतक पडून राहिली.

आमच्याकडे राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक केले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, चाली पुष्कळशा सुंदराबाईंच्या. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराचे बाळ गेले, पत्नी सिंधू गेली, अखेर त्यानेही विष घेतले. तरी नाट्यगृहे भरतच राहिली. यात सिंधू झालेल्या बालगंधर्वांच्या कंठाचा वाटा मोठा आहे, हे कोणी नाकारणार नाही. जळगावी, म्हणजे आमच्या नांदगावावरून खानदेशात उतरणाऱ्या लोहमार्गावर, मेहबूबखाँकडे लहानपणी घेतलेली तालीम त्या कंठाच्या मुळाशी होती, याचा या भागातल्या माणसाने थोडा अभिमान बाळगावा. परंतु माझ्या मते कारण एवढेच नव्हे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे आणि देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा. शेक्सपिअरच्या या रूपांतरांनी रंगमंचावरील मरण सोसण्याची सवय मराठी रसिकाला आधीच लावली होती. शिवाय दैन्यात दळण दळणारी सिंधू बाळासाठी अंगाई गाते, म्हणजे दुःख वाढले तरी प्रेक्षकाच्या पदरातले गाणे कोणी काढून घेत नाही. फेराराच्या रसिकाचा मात्र नायकही गेला आणि अखेरचे गाणेही गेले; त्याला सर्वस्वी अरसिक ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

लेकींच्या घरची ती स्वरलिपी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उजेडात आली, आणि १९७७ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मेरिलिन हॉर्न या गायिकेचा टांक्रेदी तीच अखेर गात मरण पावला. आता नाट्यगृहे दोन्हींपैकी हवा तो शेवट निवडतात, आणि फेराराचा शेवट निवडणाऱ्यांची संख्या थोडी नाही.