सनद आणि गरजपत्र : दोन कागद, दोन कामे



काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर पाण्याची टाकी झाली. काम वेळेत झाले, खर्च ठरल्याइतकाच आला, नारळही फुटला. एप्रिल लागला आणि नळ कोरडे पडले. विहिरीचे पाणी मोजले होते ते पावसाळ्यानंतर. उन्हाळ्यात ती किती खाली जाते हे रोज हंडा भरणाऱ्या बायांना ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारलेच नाही. कामाचा कागद होता, पण एकच. खरे तर दोन हवे होते.

पहिला कागद म्हणजे प्रोजेक्ट चार्टर, आपल्या भाषेत प्रकल्पाची सनद. हे काम का करायचे, किती पैशांत, कधीपर्यंत, जबाबदार कोण आणि त्याला खर्चाचा अधिकार किती, हे सनद सांगते. कामात काय येते आणि काय येत नाही, ही हद्दही तीच आखते. सनद दोन-तीन पानांची असते. तिच्यावर पैसा व परवानगी देणाऱ्याची सही होते आणि त्या सहीने काम अधिकृत होते.

दुसरा कागद म्हणजे रिक्वायरमेंट्स डॉक्युमेंट, अर्थात गरजपत्र. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना नेमके काय हवे, किती हवे, कधी हवे आणि ते मिळाले हे कसे तपासायचे, हे त्यात एकेका ओळीत, क्रमांक घालून लिहितात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पाड्यावर ४० घरे आणि २०० माणसे आहेत. जल जीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे रोज ११,००० लिटर पाणी लागेल. सनदेत लिहू : ‘पाड्यावर घरोघरी पिण्याचे पाणी पोहोचवणे, येत्या पावसाळ्यापूर्वी, अमुक रकमेत.’ गरजपत्रात लिहू : ‘मे महिन्यातही रोज ११,००० लिटर पाणी मिळावे. सर्वांत उंचावरच्या घरालाही धार लागावी. पंप बिघडला तर दुरुस्त कोण करणार आणि विजेचे बिल कोण भरणार, हे ठरलेले असावे.’ ‘पाण्याची चांगली सोय व्हावी’ ही गरज नव्हे, ती इच्छा झाली. जे मोजता किंवा तपासता येते तेच गरजपत्रात शोभते.

क्रम सनद आधी, गरजपत्र नंतर असा असतो. पण दोन्ही एकमेकांशी बोलले पाहिजेत. पाड्यावर बसल्यावर बाया म्हणतील, ‘शेळ्या-गुरांना पाणी कुठले?’ माणशी ५५ लिटरच्या हिशेबात गुरे नाहीत आणि सनदेतही त्यांच्यासाठी पैसे नाहीत. अशा वेळी दोन चुका होतात. कोणी मान डोलावून हौद कबूल करतो आणि पैसे मध्येच संपतात. कोणी ही मागणी लिहूनच घेत नाही, मग पिण्याचे पाणी गुरांकडे जाते. योग्य वाट एकच : मागणी गरजपत्रात लिहा, खर्च काढा आणि सनदेवर सही करणाऱ्याकडे परत जा. त्यांनी हद्द वाढवली तर हौद होईल. नाही वाढवली तर तसे पाड्याला स्पष्ट सांगा. खोट्या आशेपेक्षा स्पष्ट नकार बरा.

सही कोणाची, हाही फरक लक्षात ठेवा. सनदेवर देणाऱ्याची सही असते, गरजपत्रावर घेणाऱ्याची संमती हवी. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने गावपातळीवरच्या विकास योजनांना, पंचायतीने त्या हाती घेण्यापूर्वी, मान्यता देण्याचे काम ग्रामसभेकडे सोपवले आहे. आपले काम पंचायतीमार्फत नसले तरी गरजपत्र ग्रामसभेत, तिथल्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही आपली गरज ओळखता आली पाहिजे.

काम संपल्यावर दोन प्रश्न विचारायचे. सनद विचारते : ठरल्या पैशांत, ठरल्या वेळी झाले का? गरजपत्र विचारते : लोकांना हवे ते मिळाले का? त्या कोरड्या टाकीने पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले होते. दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

पुढच्या तिमाहीत नवा प्रस्ताव लिहाल, तेव्हा आधी एक संध्याकाळ पाड्यावर बसा. वही उघडा आणि ऐका.