विश्लेषण : नदी हलवली, बाग फुलवली... स्पेनच्या व्हॅलेन्सियाची तीन दिवसांची सहल कशी आखाल?

स्पेनची सहल म्हटली की बार्सिलोना, माद्रिद आणि ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या चित्रपटातील टोमॅटोंचा लाल चिखल डोळ्यांसमोर येतो. टोमॅटोंची ती लढाई ज्या बुन्योल गावात होते, ते व्हॅलेन्सिया शहरापासून जेमतेम ४० किलोमीटरवर आहे. तरीही घाईच्या युरोप दौऱ्यात व्हॅलेन्सियाच्या वाट्याला फार तर एक दुपार येते. भूमध्य समुद्राकाठच्या, स्पेनमधील तिसऱ्या क्रमांकाच्या या शहराला स्वतंत्र तीन दिवस द्यावेत असे तिथे काय आहे? आणि ते तीन दिवस आखायचे कसे?

नदी गेली कुठे?

व्हॅलेन्सियाचा नकाशा मोबाइलवर उघडला की शहराच्या मधोमध एक हिरवा, नागमोडी पट्टा दिसतो. तो नदीसारखा दिसतो, कारण तिथे खरोखरच नदी होती. तिचे नाव तुरिया. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी या नदीला महापूर आला. किमान ८१ जणांचा बळी गेला, जुन्या शहरातील रस्ते चिखलाने भरले. त्यानंतर सरकारने ठरवले की नदीच शहराबाहेर काढायची. ‘प्लान सूर’, म्हणजे ‘दक्षिण योजना’ या नावाखाली शहराच्या दक्षिणेकडून सुमारे १२ किलोमीटर लांबीचे नवे पात्र खोदण्यात आले. सेकंदाला ५,००० घनमीटर पाणी वाहून नेता येईल, अशा हिशेबाने त्याची आखणी झाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे काम संपले आणि जुने पात्र कोरडे पडले.

मग कोरड्या पात्राचे करायचे काय? तिथून महामार्ग न्यायचा, असा बेत होता. नागरिक रस्त्यावर उतरले. आम्हाला तिथे मोटारी नकोत, झाडे हवीत, असा त्यांचा आग्रह होता. १९७६ मध्ये ही जागा शहराच्या ताब्यात आली आणि पुढच्या दशकात टप्प्याटप्प्याने बाग आकाराला येऊ लागली. आज ही तुरिया बाग सुमारे नऊ किलोमीटर लांब आहे. जुने दगडी पूल जागच्या जागी आहेत, फक्त त्यांच्या खालून पाण्याऐवजी सायकली जातात. नदीपात्रातील रस्ते आणि पार्किंगवरून वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्या पुणेकरांना ही बाग पाहून बरेच काही बोलावेसे वाटेल.

सहल आखताना ही बागच कणा मानावी. जुने शहर, आधुनिक वास्तू आणि बंदराकडची बाजू, सारे काही या पट्ट्याच्या आसपास आहे. शहर सपाट असल्याने भाड्याची सायकल घेतली की टॅक्सीची फारशी गरज उरत नाही.

पहिला दिवस कसा घालवावा?

सुरुवात सेरानोस बुरुजांपासून करावी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही शहराची जुनी वेस. तिथून खाली बागेत उतरून पूर्वेकडे सायकल हाणली की झाडांच्या रांगा संपता संपता समोर पांढऱ्या सांगाड्यांसारख्या प्रचंड इमारती उभ्या राहतात. हे ‘कला आणि विज्ञान नगर’. व्हॅलेन्सियातच जन्मलेले वास्तुविशारद आणि अभियंता सांतियागो कालात्रावा यांची ही निर्मिती, तर येथील मत्स्यालयाचे छत फेलिक्स कांदेला यांचे. डोळ्याच्या आकाराचे ‘हेमिस्फेरिक’ १९९८ मध्ये, मत्स्यालय २००३ मध्ये आणि ऑपेरा हाऊस २००५ मध्ये सुरू झाले. 

दिसायला देखणे असले तरी हे प्रकरण शहराला स्वस्तात पडलेले नाही. खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वाढला. २०१३च्या अखेरीस तर ऑपेरा हाऊसच्या कवचावरील टाइल्सचे तुकडे निखळू लागल्याने इमारत काही काळ बंद ठेवावी लागली. फोटोत या गोष्टी दिसत नाहीत. फोटो मात्र अप्रतिम येतात, विशेषतः सूर्य मावळताना. बाहेरच्या परिसरात फिरायला तिकीट लागत नाही. मत्स्यालय पाहायचे असेल तर अर्धा दिवस राखून ठेवावा आणि तिकीट आधीच ऑनलाइन काढावे.

जुन्या शहरासाठी गुरुवार का निवडावा?

दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या ‘प्रेषितांच्या दारा’समोर काळे डगले घातलेली काही माणसे गोलाकार बसतात. हे ‘पाणी न्यायालय’. व्हॅलेन्सियाभोवतीच्या शेतीला पाणी देणाऱ्या कालव्यांवरील शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले हे पंच. कोणी पाळी चुकवून पाणी घेतले, कोणी पाट फोडला, अशा तक्रारी इथे तोंडी ऐकल्या जातात आणि निकालही तिथल्या तिथे, तोही अंतिम. सारा कारभार व्हॅलेन्सियन भाषेत चालतो. तक्रार नसेल तर काही मिनिटांत सगळे आटोपते. म्हणून पाच-दहा मिनिटे आधीच जाऊन उभे राहिलेले बरे. युनेस्कोने २००९ मध्ये या प्रथेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. धुळे-नाशिक भागातील फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही.

याच दिवशी सकाळी ‘ला लोन्हा’ आणि समोरचा मध्यवर्ती बाजार उरकता येतो. ‘ला लोन्हा’ म्हणजे रेशमाच्या व्यापाऱ्यांचा जुना बाजारवाडा. १४८२ मध्ये बांधायला घेतलेल्या या वास्तूतील पिळदार खांब पाहताना मान आपोआप वर जाते. रेशीम आजही शहरातून पुरते गेलेले नाही. मार्चमधील फायास उत्सवात इथल्या स्त्रिया जो पारंपरिक पोशाख घालतात, त्याचे उंची कापड अजूनही हातमागावर विणले जाते. येवल्यात माग पाहिलेल्यांना त्याची किंमत का चढी असते, हे समजावून सांगावे लागणार नाही.

१९२८ मध्ये सुरू झालेला मध्यवर्ती बाजार दुपारी तीनच्या सुमारास बंद होतो आणि रविवारी उघडतच नाही. ‘निवांत दुपारी जाऊ’ म्हणणाऱ्यांना बंद दारे पाहून परतावे लागते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रामने समुद्राकडे जावे. मालवारोसाचा रुंद, वाळूचा किनारा चित्रकार होआकिन सोरोया यांच्या चित्रांमुळे जगाला माहीत झाला. किनाऱ्यामागचा काबान्याल हा मूळचा कोळीवाडा. बसक्या घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगीत टाइल्स आहेत. शहराचा एक रुंद रस्ता थेट समुद्रापर्यंत न्यायचा, म्हणून या वस्तीचा एक भाग पाडण्याची योजना होती. रहिवासी वर्षानुवर्षे लढले आणि २०१५ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. संध्याकाळ आल्बुफेरासाठी ठेवावी. शहराच्या दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटरवर असलेले हे गोड्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर, भोवती भातखाचरे. शहर बस तिथवर जाते. होडीतून सूर्यास्त पाहता येतो. भारतातून जाणाऱ्याला भातखाचरांचे अप्रूप ते काय, असे वाटेल. पण स्पेनची जगप्रसिद्ध पाएया जन्मली ती याच खाचरांच्या काठी.

ताटात काय, आणि कधी?

‘पाएया’ हे खरे तर भांड्याचे नाव. उथळ, पसरट, दोन कानांची कढई. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात कोळंबी-शिंपल्या नसतात. कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा, मोठे पांढरे पावटे, टोमॅटो, केशर आणि तांदूळ, असा तिचा ठरलेला संसार. तळाला लागलेल्या खरवडीला ‘सोकाराट’ म्हणतात आणि ती कोणाच्या वाट्याला जाते, यावर टेबलावर लक्ष असते. पाएया दुपारी खायची. रात्री ती आग्रहाने वाढणारे हॉटेल बहुधा पर्यटकांसाठीचे असते, असे खुशाल समजावे.

शाकाहारींनी ‘मांस नको’ एवढेच सांगून थांबू नये. हॅमचे तुकडे अनेकांच्या लेखी मांसात मोडत नाहीत, तर भाज्यांच्या पाएयाचा भात कोंबडीच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो. ‘काल्दो’, म्हणजे हे पाणी कशाचे आहे, ते विचारावे. अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड ऑम्लेट आहेच. 

ओर्चाता मात्र निर्धास्त प्यावी. दिसायला दुधासारखी, पण दुधाचा थेंबही नसलेली ही थंड, गोड ओर्चाता चुफा नावाच्या बारीक कंदांपासून बनते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चुफा आपल्या नागरमोथ्याच्या जातकुळीतला. उपवासाला चालेल की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने घरी घ्यावा.

इथले घड्याळही समजून घ्यायला हवे. सकाळी दहा-साडेदहाला कामकरी माणसे भरगच्च सँडविच, ऑलिव्ह आणि शेंगदाणे घेऊन निवांत बसतात. या न्याहारीला ‘एस्मोर्झारेत’ म्हणतात आणि कमी पैशांत पोटभर खाण्याचा याहून चांगला मार्ग नाही. जेवण दुपारी दोनला, रात्रीचे नऊनंतर. सायंकाळी सात वाजता जेवायला गेल्यास हॉटेलात एकटेच बसावे लागते. 

रात्री शहर नटते, पण त्यात चमकधमक नसते. साधा लिननचा शर्ट, नीट बसणारी पँट किंवा सुती ड्रेस आणि फरसबंदी गल्ल्यांत चालता येईल असे सपाट जोडे, एवढ्यात काम भागते. रुसाफा भागातील कॅफे आणि छोटी दुकाने त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

मुक्कामाचा प्रश्न नाजूक का?

त्या रुसाफात आणि जुन्या शहरातील एल कार्मेनमध्ये राहायला पर्यटकांना आवडते, आणि नेमकी तिथेच कुरबुर आहे. घरे पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने भाड्याने दिली जाऊ लागल्याने स्थानिकांना घरभाडे परवडेनासे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये हजारो नागरिकांनी त्याविरोधात मोर्चा काढला. महापालिकेनेही त्याच वर्षी पर्यटक सदनिकांच्या नव्या परवान्यांना तात्पुरता लगाम घातला. त्यामुळे फ्लॅट घ्यायचाच असेल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. शंका असल्यास साधे हॉटेल बरे. नोर्ड रेल्वे स्थानकाच्या आसपास उतरल्यास मेट्रो, जुने शहर आणि रुसाफा, तिन्ही चालत गाठता येतात. विमानतळावरून मेट्रो साधारण अर्ध्या तासाच्या आत शहराच्या मध्यभागी सोडते.

कधी जावे आणि कधी जपून?

एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य हा काळ सर्वात उत्तम. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच असतात. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा मुंबईची आठवण करून देतो. मार्चमध्ये फायास असतो. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला महापालिका चौकात फटाक्यांचा कानठळ्या बसवणारा कार्यक्रम आणि १९च्या रात्री चौकाचौकांतील भव्य पुतळ्यांचे दहन. २०१६ पासून हा उत्सव युनेस्कोच्या यादीत आहे. तो पाहायचाच असेल तर हॉटेल कित्येक महिने आधी घ्यावे लागते. शांत सहल हवी असेल तर हा काळ टाळावा.

शरद ऋतूबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया परिसरात पावसाने कहर केला. चीवा येथे आठ तासांत सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस पडला आणि या आपत्तीत २२०हून अधिक माणसे दगावली. शहराचा मध्य वाचला, कारण तुरियाचे पाणी त्या नव्या पात्रातून समुद्राकडे गेले. पण पात्राच्या दक्षिणेला असलेल्या पाइपोर्तासारख्या गावांतून ‘पोयो’ हा वेगळाच ओढा वाहतो. तो फुगला आणि पाणी घराघरांत शिरले. १९५७च्या पुरातून शहराला धडा मिळाला होता, पण त्याचे कवच उपनगरांपर्यंत पोहोचले नव्हते. त्यातच मोबाइलवरील इशारा रात्री आठनंतर आला, तोवर अनेक गावे बुडाली होती. त्यावरून उसळलेला संताप वर्षभर टिकला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रादेशिक सरकारचे प्रमुख कार्लोस मासोन यांनी राजीनामा जाहीर केला.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा अशा अवचित ढगफुटीसारख्या पावसाचा काळ. याचा अर्थ तेव्हा जाऊच नये असा नाही. ऑक्टोबरमध्ये अनेकदा लख्ख ऊन आणि पोहण्याजोगा समुद्र असतो. पण स्पॅनिश हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा रोज पाहावा. मोबाइलवर येणारा आपत्कालीन इशारा परदेशी सिमवरही वाजतो, तो बंद करून ठेवू नये. लाल इशारा असेल त्या दिवशी आल्बुफेरा आणि बुन्योल दोन्ही रद्द करावेत आणि तळघरातील पार्किंगमध्ये गाडी काढायला उतरू नये. २०२४ मध्ये अनेकांचा जीव तिथेच गेला.

व्हिसा आणि प्रवासाचे काय?

मुंबई-पुण्याहून व्हॅलेन्सियाला थेट विमान नाही. आखाती देशांमार्गे माद्रिद किंवा बार्सिलोनाला उतरावे आणि पुढे रेल्वे घ्यावी. माद्रिदहून वेगवान गाडी दोन तासांच्या आत पोहोचवते, बार्सिलोनाहून तीन तासांच्या आसपास. माद्रिदची वेगवान गाडी होआकिन सोरोया स्थानकात येते, शेजारच्या नोर्ड स्थानकात नव्हे. परतीच्या घाईत ही दोन नावे उलटसुलट झाली तर दहा मिनिटे सामान ओढत धावावे लागते. पाट्यांवर स्पॅनिश आणि व्हॅलेन्सियन अशा दोन भाषा असतात. ‘काये’ आणि ‘कारेर’ दोन्हींचा अर्थ रस्ताच.

शेंजेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरले जातात, पण ४५ दिवसही लागू शकतात. मे महिन्यात जायचे असेल तर अपॉइंटमेंट जानेवारी-फेब्रुवारीतच शोधायला लागावे. सहलीत इतर देशही असतील तर ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. गेल्या तीन वर्षांत दोन शेंजेन व्हिसा मिळवून नियमानुसार वापरलेल्या भारतीयांना एप्रिल २०२४च्या नियमानुसार दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. जुने व्हिसे असलेला पासपोर्ट कपाटात पडला असेल तर तोही अर्जासोबत न्यावा.