योजनाचें माप : भूमीवरचें आणि आकाशांतलें

देगलूरच्या एका पोथीसंग्राहकांनीं आम्हांस विचारलें कीं, दानलेखांतील निवर्तनाचे गुंठे किती धरावे? त्यांनीं स्वतः काढिलेलें उत्तर २५ गुंठे होतें. त्यांच्या गणितांत चूक नाहीं. तथापि उत्तर चुकीचें आहे. अशी फसगत अनेक जाणत्यांची होते, म्हणून ही रीत येथें उलगडून दाखवितों.

भास्कराचार्यांच्या लीलावतींत (शके १०७२, इ. स. ११५०) २४ अंगुलांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश व ४ क्रोशांचें योजन सांगितलें आहे, म्हणजे योजनाचे ३२,००० हात झाले. १० हातांचा वंश, आणि ज्याची भुजा २० वंश तें चौरस क्षेत्र म्हणजे निवर्तन. त्याच आचार्यांनीं गोलाध्यायांत पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनें दिला आहे. आमच्या मित्रांनीं आजच्या सुमारें २४,९०० मैल परिघास ४९६७ नीं भागून ५ मैलांचें योजन ठरविलें, आणि त्याचे ३२,००० भाग पाडून ९.९ इंचांचा हात मिळविला. निवर्तनाची भुजा १६५ फूट, क्षेत्र २७,२२५ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणून २५ गुंठे!

परंतु ९.९ इंच ही तर जेमतेम वीत झाली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतचा हात १८ इंच धरला, तर तेंच निवर्तन २ एकर अडीच गुंठ्यांहून थोडें अधिक भरतें. एखाद्या अग्रहाराची जमीन या घोटाळ्यानें तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ठरते. (हातही सर्वत्र एकच नव्हता; लेखांत काठीचें नांव असल्यास प्रथम तीच पाहावी.)

घोटाळ्याचें मूळ असें कीं, ज्योतिषाचें योजन हातांनीं मोजलेलें नाहीं. आर्यभटही योजनाचे ८००० नर, म्हणजे ३२,००० हातच सांगतो. पण त्याच्या पृथ्वीचा व्यास १०५० योजनें, तर भास्कराचार्यांच्या पृथ्वीचा १५८१. पृथ्वी कांहीं वाढली नाहीं, योजन लहान झालें. चंद्राकडे पाहिलें म्हणजे हें स्पष्ट होतें. आर्यभट चंद्रकक्षेची एक कला १० योजनांची मानतो, भास्कराचार्य १५ योजनांची. म्हणून कक्षा अनुक्रमें २,१६,००० व ३,२४,००० योजनें. चंद्राच्या अंतरास आपापल्या भूत्रिज्येनें भागिलें तर दोघांकडूनही सुमारें ६५ च येतात. आजचा आंकडा सुमारें ६० आहे. सिद्धान्तकारांना हें प्रमाण राखावयाचें होतें. योजनाचे मैल किती, हा प्रश्न त्यांच्यापुढें नव्हता. सबब आमच्या मतें भास्करीय ज्योतिष-योजन म्हणजे भूपरिघाचा ४९६७ वा भाग, एवढेंच समजावें.

उलट चूकही तितकीच घातक. एकाच याम्योत्तर रेषेवरील दोन गांवांच्या अक्षांशांतील फरक व त्यांमधील योजनें यांवरून त्रैराशिकानें परिघ काढावा, ही रीत गोलाध्यायांत आहे. लॅम्टननें इ. स. १८१५ मध्यें बिदरजवळ पायारेषा मोजली. पुढें एव्हरेस्टनें इ. स. १८३० च्या ग्रंथांत दामरगिद्दा (१८° ३′) ते कल्याणपूर (२४° ७′) या कमानीचा हिशेब छापला. साधनें निराळीं, तत्त्व तेंच. देगलूरचा अक्षांश सुमारें १८° ३३′, म्हणजे तें दामरगिद्द्याच्या अर्धा अंश उत्तरेस. भास्करीय मानानें अर्ध्या अंशाचीं ६.९ योजनें होतात. तीं १८ इंची हातानें मोजलीं, तर योजन ९ मैलांहून किंचित् मोठें व अंतर ६२ मैलांवर जातें. प्रत्यक्षांत तें ३४ मैलांच्या आसपास आहे.

तेव्हां पोथींत योजनाशेजारीं अंश, कला, कक्षा हे शब्द असतील तर त्या ग्रंथकाराचा भूपरिघ शोधावा. वंश, काठी, निवर्तन असतील तर हात शोधावा. यात्रावर्णनांतील योजन या दोहोंतही बसत नाहीं. तें बहुधा वाटसरूच्या पायांचें माप असतें, आणि तेथें दोन्ही कोष्टकें मिटून ठेवावीं.