स्नायूपेशींचे रफूकाम

डोंगर चढताना दम लागतो; दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मात्र बहुधा उतरण्यामुळे. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच त्यांना शरीराचा भार पेलावा लागतो आणि या ओढाताणीत स्नायूपेशींच्या पातळ आवरणाला ठिकठिकाणी सूक्ष्म चिरा पडतात. निरोगी माणसाच्या शरीरातही हे नित्य घडत असते. त्याची जाणीव होत नाही, कारण चिरा पडताक्षणीच त्या बुजवल्या जातात.

पेशीचे आवरण फाटणे ही खरे तर प्राणघातक बाब. पेशीबाहेरच्या द्रवात कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट अधिक असते. ते आत घुसले की प्रथिने तोडणारी विकरे जागी होतात आणि पेशी आतून पोखरली जाते. गंमत अशी की, हेच घुसखोर कॅल्शियम दुरुस्तीची घंटाही वाजवते. पेशीत असलेल्या मेदपटलाच्या सूक्ष्म पिशव्या चिरेकडे धाव घेतात, एकमेकींत आणि आवरणात मिसळून जातात आणि फाटल्या जागी ठिगळ बसते. या कामातील एक प्रमुख कारागीर म्हणजे 'डिस्फर्लिन' हे प्रथिन.

डिस्फर्लिनचा शोध रोगाच्या वाटेने लागला. १९९८ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दुसऱ्या गुणसूत्रावरील एक जनुक हुडकून काढले. त्यात दोष असल्यास स्नायूंचा क्षय होतो, एवढे स्पष्ट झाले. पण हे प्रथिन नेमके काय करते, हे कोडेच होते. एक धागा मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. एका सूक्ष्म कृमीमध्ये याच कुळातील प्रथिन शुक्रपेशींतील पिशव्या आवरणात मिसळवण्याचे काम करते, हे ठाऊक होते. मग माणसाच्या स्नायूतही तसेच काही घडत असेल काय?

याचे उत्तर २००३ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डिंपल बन्सल, केव्हिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी उंदराच्या एकेका स्नायूतंतूला लेसर किरणाने भोक पाडले. भोवतालच्या द्रवात असा रंग मिसळलेला होता, की तो पेशीत शिरताच चमकू लागे. निरोगी तंतूत ही चमक भोकापाशीच थोडी वाढून मिनिटभरात थबकली. डिस्फर्लिन नसलेल्या तंतूत ती पसरतच राहिली. द्रवातून कॅल्शियम काढून घेतले तेव्हा निरोगी तंतूलाही भोक बुजवता आले नाही.

या निष्कर्षाने स्नायूक्षयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सर्वांना परिचित असलेल्या डुशेन प्रकारात डिस्ट्रॉफिन हे आधार देणारे प्रथिन नसते. तेथे कापडच कच्चे असते, म्हणून ते वारंवार फाटते. डिस्फर्लिनच्या अभावी कापड बऱ्यापैकी धड असते. रफू करणारा तेवढा गैरहजर असतो.

रुग्णांच्या दृष्टीने हा फरक केवळ पुस्तकी नाही. डुशेनची लक्षणे बालपणीच दिसतात. डिस्फर्लिनचा अभाव असलेले मूल मात्र चालते, धावते. कित्येक रुग्ण तर पौगंडावस्थेत चांगले खेळाडू असल्याची नोंद आहे. मग विशीच्या आसपास कधीतरी टाचा उचलून चवड्यांवर उभे राहता येईनासे होते किंवा जिना चढणे जड जाऊ लागते. पोटऱ्यांपासून सुरुवात झाली तर त्याला 'मियोशी मायोपॅथी' म्हणतात; कंबर आणि मांड्यांपासून झाली तर 'लिम्ब गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी'. जनुक तेच, क्वचित कुटुंबही तेच, आणि तरीही सख्ख्या भावंडांत रोगाची रूपे निराळी! आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच रोग होतो.

खरी अडचण पुढे येते. रक्तातील 'सीपीके' हे विकर अनेक पटींनी वाढलेले दिसते. स्नायूचा तुकडा तपासला तर त्यात दाहाच्या पेशी आढळतात. त्यावरून 'पॉलिमायोसायटिस' हा दाहजन्य आजार असल्याचे निदान होते आणि स्टेरॉइड सुरू केली जातात. अशी चूक जगभर वारंवार झालेली आहे. जर्मनीत २५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेफ्लाझाकॉर्ट या स्टेरॉइडचा उपयोग तर झाला नाहीच, उलट स्नायूंची ताकद घटण्याकडे कल दिसला आणि औषध थांबवल्यावर ती सावरली. डुशेनमध्ये स्टेरॉइड उपयुक्त ठरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अचूक निदानाचे मोल कळते.

या निदानाला भारतातून साध्या डोळ्यांची मदत मिळाली आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. सुनील प्रधान यांनी दोन खुणा नोंदवल्या. दंड आडवे पसरून कोपरे वर दुमडली, की पाठीमागून खांद्यापाशी वासराच्या डोक्यासारखा आकार दिसतो. आणि गुडघे किंचित वाकवून उभे राहिल्यास मांडीवर समभुज चौकोनी उंचवटा उमटतो. याला पैसे पडत नाहीत! डिस्फर्लिन रक्तातील पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारातही असते. त्यामुळे रक्तावरूनही त्याचा अभाव तपासता येतो. अखेरचा निवाडा जनुकीय चाचणीचा.

मग निरोगी जनुकच रुग्णाच्या स्नायूत का पोहोचवू नये? येथे आकारमान आडवे येते. डिस्फर्लिन २,०८० अमिनो आम्लांचे अजस्र प्रथिन आहे आणि जनुकोपचारासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या विषाणूत त्याचा आराखडा मावत नाही. म्हणून तो दोन तुकड्यांत, दोन विषाणूंतून पाठवून पेशीत जोडण्याचे प्रयोग सुरू झाले. काटछाट केलेले छोटे डिस्फर्लिनही करून पाहिले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका प्रयोगात उंदरांच्या पेशी भोके बुजवू लागल्या, पण स्नायूंचा क्षय थांबला नाही. म्हणजे डिस्फर्लिनकडे रफूपलीकडचेही काही काम असावे. आयोवातील सुटसुटीत उत्तराला ही मोठीच पुरवणी म्हणावी लागेल.

दुसरी वाट 'एमजी ५३' या प्रथिनाची. जियांजी मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले, की आवरण फाटून बाहेरचे ऑक्सिडीकारक वातावरण आत येताच या प्रथिनाचे रेणू एकमेकांना जखडतात आणि पिशव्यांना चिरेपाशी ओढून नेतात. विशेष म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले एमजी ५३ बाहेरून टोचले तरी ते जखमी जागी जाऊन बसते. २०१७ सालच्या एका प्रयोगात डिस्फर्लिन नसलेल्या उंदरांच्या स्नायूंनाही त्याचा लाभ झाला. मात्र पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली वेगळाच इशारा दिला होता: हेच प्रथिन वाढले तर उंदरांचे स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. मा यांच्या गटाला हे मान्य नाही. एमजी ५३ चे रक्तातील प्रमाण दीर्घकाळ वाढवूनही उंदरांना मधुमेह झाला नाही, असे त्यांचे प्रयोग सांगतात. हा वाद मिटलेला नाही आणि डिस्फर्लिनच्या अभावावर मान्यताप्राप्त औषधही अद्याप नाही.