सोयाबीनच्या गाठीतला कारखाना

हिंगोली जिल्ह्यात मृगावर पेरलेलं सोयाबीन जुलैच्या अखेरीस फुलोऱ्याला येतं. तेव्हा एक झाड मुळासकट खणून काढावं. उपटू नये, गाठी मातीत तुटून राहतात. मुळं धुतली की ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. त्यातली एक नखाने फोडावी. आत लालसर गुलाबी रंग दिसला, तर गाठ कामाला लागली आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर नाही.

हे काम म्हणजे हवेतला नत्र पिकाच्या पदरात पाडणं. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. खत कारखान्यात त्याचा अमोनिया करायला 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. गाठीतले रायझोबियम जिवाणू तेच काम मातीच्या तापमानाला करतात, नायट्रोजनेज या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, बळावर.

कुठलीही रासायनिक अभिक्रिया सुरू व्हायला ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. विकर तो उंबरठा खाली आणतं आणि स्वतः खर्ची न पडता पुढच्या रेणूकडे वळतं. नायट्रोजनेजमध्ये लोह आणि मॉलिब्डेनम असलेला अणूंचा एक गुच्छ असतो. नत्राचा रेणू तिथे धरला जातो. जोडीचं दुसरं प्रथिन एकेक इलेक्ट्रॉन आणून देतं, आणि दर इलेक्ट्रॉनमागे एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे दोन नग मोडतात. आठ इलेक्ट्रॉन, सोळा एटीपी; हाती येतात अमोनियाचे दोन रेणू आणि हायड्रोजनचा एक. इतकं करून वेग सेकंदाला एखाद-दुसरा रेणू! म्हणून जिवाणूला हे विकर भरपूर बनवावं लागतं.

एटीपी येतो पानांनी केलेल्या साखरेतून. तिच्यातली ऊर्जा काढायला जिवाणूंना ऑक्सिजन हवा, आणि त्याच ऑक्सिजनने नायट्रोजनेज कायमचं निकामी होतं. या पेचातून झाडाने काढलेली वाट मला फार मोलाची वाटते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातलं लेगहिमोग्लोबिन गाठीत ऑक्सिजन धरून ठेवतं आणि श्वसनापुरताच पुढे सोडतं. फोडलेल्या गाठीचा लाल रंग त्याचाच.

शेतातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा इथे होतो. भारी काळ्या रानात पाणी साचलं, वाफसा मोडला, की मुळांना हवा मिळत नाही. एटीपी आटतो आणि नत्राचं काम थंडावतं. रुंद वरंबा-सरीवर पेरलेल्या पिकात जादा पाणी सरीतून निघून जातं, ते म्हणूनच महत्त्वाचं. एटीपीत फॉस्फरस, म्हणजे स्फुरद, असतो, म्हणून गाठींना स्फुरदाची भूक मोठी असते. युरियाचा मारा केला तर मात्र झाड आयता नत्र घेतं आणि गाठींवर साखर खर्च करणं कमी करतं. बियाण्याला रायझोबियम लावताना बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, आणि वाळवणं सावलीतच. उन्हात जिवाणू मरतात.

शेंगा भरू लागल्या की साखर दाण्यांकडे वळते आणि गाठी आतून हिरवट पडत जातात. त्या वेळी गाठ हिरवी निघाली म्हणून रायझोबियमला दोष देऊ नये. पारख करायची ती फुलोऱ्यातच.