थाई जेवण आपल्या दस्तरखानावर

थाई जेवण म्हटले की आपल्या घरात पहिला प्रश्न चवीचा नसतो, हलालचा असतो. तो रास्तच आहे. बँकॉकच्या रस्त्यावरच्या बऱ्याच पदार्थांत डुकराचे मांस असते. पण त्यावरून सगळे थाई जेवण बाद करणे आम्हाला पटत नाही. त्या देशाच्या दक्षिणेला पट्टानी, याला, नराथिवात हे मुस्लिमबहुल प्रांत आहेत आणि तिथल्या चुलीवर शिजणारे बरेचसे आपल्या ओळखीचे आहे.

‘मस्समान’ हे सालनच घ्या. हे नाव ‘मुसलमान’ या शब्दावरून आले असे मानतात. 17व्या शतकात शेख अहमद कुमी हे इराणी व्यापारी अयुथ्याच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर पोहोचले होते. इराणी, हिंदी, मलायी मुसलमानांची तिथे ये-जा होती. म्हणूनच या सालनात वेलची, दालचिनी, लवंग, जायफळ हा आपला गरम मसाला गवती चहा आणि नारळाच्या दुधाशी जमवून घेतो.

अर्धा किलो मटणासाठी आठ सुक्या लाल मिरच्या भिजवा. कांदा, लसूण, धणे, जिरे आणि गरम मसाला कोरडाच भाजा. गवती चहाची पाने नकोत, बुंध्याकडचा पांढरा भाग घ्या. सगळे बारीक वाटून नारळाच्या घट्ट दुधात तेल सुटेपर्यंत परता. मग मटण आणि पातळ दूध घालून मंद आचेवर शिजू द्या. मटण मऊ होत आले की बटाटे आणि भाजलेले शेंगदाणे घाला. शेवटी चिंचेचा कोळ, गूळ आणि फिश सॉस. मसाल्यात तिकडे झिंग्याची आंबवलेली पेस्ट, ‘कापी’, असते. तिच्याऐवजी भाजलेल्या जवळ्याची चिमूटभर पूड चालते. चव तीच येत नाही, पण जवळपास जाते.

खरी गंमत मात्र वाटीतल्या चटणीत आहे. ‘नाम’ म्हणजे पाणी, ‘जिम’ म्हणजे बुडवणे: नामजिम. तिखट, आंबट, खारट, गोड या चारी चवी तिथे एकमेकींशी भांडतात आणि शेवटी समेट करतात. ‘खाओ मोक गाय’ ही हळदीच्या भातातली चिकन बिर्याणी. तिच्यासोबतची हिरवी चटणी तर आपल्या पुदिन्याच्या चटणीची सख्खी बहीण: एक वाटी कोथिंबीर, अर्धी वाटी पुदिना, तीन हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या, इंचभर आले, दोन चमचे साखर, तीन चमचे व्हिनेगर, मीठ. फरक साखरेचा आणि व्हिनेगरचा. ती पातळच ठेवा. भातावर तळलेला कांदा, बाजूला काकडी.

भाजलेल्या मांसाबरोबर ईशान भागातली ‘जाओ’ लावतात. दोन चमचे तांदूळ कोरडेच तपकिरी होईपर्यंत भाजून भरडा. त्यात लाल मिरचीचा भरड चुरा, चिंचेचा कोळ, गूळ, फिश सॉस, चिरलेला कांदा, कोथिंबीर. तांदूळपूड वाढायच्या वेळीच घाला, नाहीतर लगदा होतो. बकरी ईदच्या सीख आणि बोटीबरोबर ही चटणी आम्हाला लिंबू-कांद्यापेक्षा सरस वाटली.

आता बाटल्यांचे. फिश सॉस म्हणजे लहान मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेले पाणी. मासळी-मिठाचाच असेल तर शंका नको. ऑयस्टर सॉस कालवांचा. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी घरांत, झिंगा-कालवे चालतात. हनफी मसलकात झिंग्याबद्दल उलेमांत मतभेद आहेत आणि कालवे वर्ज्य. तयार मसाल्याच्या पेस्टमध्ये झिंगा असतोच असे समजून लेबल वाचा. काही सॉसमध्ये तांदळाची वाइन घालतात, ते सरळ टाळा. थायलंडच्या मध्यवर्ती इस्लामी परिषदेची हलाल मोहर असलेला माल आपल्याकडच्या मोठ्या दुकानांत मिळतो. जरा महाग पडतो, पण फिश सॉसची बाटली चमच्या-चमच्याने कित्येक महिने पुरते.